थापेवर लागणारी हेडलाईट

"ताई, थापेवर चालणाऱ्या वस्तूचा भरवसा धरू नका. एकदा नीट उघडून बघू या," मेकॅनिक हात पुसत म्हणाला होता. ताईला त्या दिवशी घाई होती. आणि खरं सांगायचं तर मीही त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही. थाप बसली की लागत होते ना मी? मग झालं तर!

मित्रांनो, मी एका जुन्या निळ्या गाडीची डावी हेडलाईट आहे. उजवीकडे माझी बहीण. जन्मभर आम्ही दोघी एकाच दिशेला बघत आलो, पण एकमेकींचं तोंड काही आम्हाला दिसत नाही. कारखान्यात मला चकचकीत वाटी मिळाली, काच मिळाली, बल्ब मिळाला आणि मग चार स्क्रू आवळून मला गाडीच्या तोंडावर बसवलं. तेव्हापासून मी तिथेच. मान वळवता येत नाही, हाक मारता येत नाही. समोर येईल ते बघत राहायचं.

गाडी आधी आजोबांची होती. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रोज सकाळी ते रुमालाने माझी काच पुसायचे आणि म्हणायचे, "हिच्यासारखी नजर साऱ्या गल्लीत नाही कुणाची!" मी फुलून जायचे. पुढे दुकान बंद झालं, नात झाली आणि गाडी त्यांच्या मुलीकडे, म्हणजे ताईकडे आली. नातीचं लाडाचं नाव ठमी. ठमीच्या बाटल्या, लंगोट आणि औषधं यांतून माझी काच पुसायला वेळ कुणाला होता? मी पिवळी पडत गेले. आत दमट वाफ धरू लागली.

मग आम्ही दोघी अधूनमधून विझू लागलो. दोनदा बल्ब बदलले, पण दुखणं तिथे नव्हतंच. आमची दोघींची अर्थिंगची वायर एकच आहे. माझ्या खाली, गाडीच्या पत्र्याला ती एका बोल्टने जोडलेली आहे. त्या बोल्टखाली गंज धरला होता, म्हणून वीज मध्येच तुटायची. मला ते कळत होतं, पण सांगणार कुणाला आणि कसं?

आजोबांची एक रीत होती. दुकानात आलेला रेडिओ ते स्क्रू न् स्क्रू काढून तपासायचे. घरच्या वस्तूंना मात्र नुसती थाप! मिक्सरला थाप, पंख्याच्या बटणाला थाप. "घरचंच आहे, चालतंय तोवर चालू दे," म्हणायचे. मलाही त्यांनी तशीच थाप मारली, मी लागले, आणि ती रीत ताईनेही उचलली.

रविवारी ताई त्यांना जेवायला न्यायला जायची. त्यांच्या फाटकापासून गाडीपर्यंत जेमतेम वीस पावलं. ताई मागच्या सीटवर ठमीचा पट्टा आवळत असायची, आणि आजोबा माझ्यापाशी येऊन थांबायचे. एक हात बॉनेटवर टेकून माझी काच पुसत राहायचे.

"झाले का लाड करून?" ताई मागून ओरडायची. "लेकीचे एवढे केले नाहीत कधी!"

"लेक कुठे अंधारात वाट दाखवते?" ते हसून म्हणायचे.

काच तर केव्हाच पुसून झालेली असायची. ते दम खात असायचे. ओठ पांढरे पडलेले. मग छातीवर दोन थापा मारायचे आणि गाडीत बसायचे. हे माझ्याशिवाय कुणीच पाहिलं नाही, आणि मी काचेमागे कोंडलेली.

एका सकाळी ताई ठमीला पाळणाघरात सोडायला निघाली. धुकं एवढं दाट की स्वतःचं बॉनेट दिसेना. वळणावर आम्ही दोघी एकदम विझलो. ताईने गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले, उतरून मला थाप मारली. मग दुसरी, तिसरी. तिचा तळवा लाल झाला. मी जीव एकवटला, पण उजेड काही फुटेना. मागे ठमीने भोकाड पसरलं. धुक्यातून एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी अंगाला घासून गेला.

ताईने आजोबांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून बॉनेटवर ठेवला. "बाबा, लाइट लागत नाहीयेत. थापेनेही नाही."

"दोन्ही एकदम गेल्या?"

"हो."

"मग बल्ब नाही. दोन बल्ब ठरवून मरत नाहीत. फ्यूज बघ."

"फ्यूज आधीच बघितला, चांगला आहे."

"डाव्या लाइटच्या खाली..." ते थांबले. "...खाली एक काळी वायर आहे. तिचा बोल्ट हलतोय का?"

"हलतोय. गंजलाय पार!"

"किल्लीने खरवड. पत्रा चकाकेपर्यंत. मग घट्ट आवळ."

"बाबा, तुम्हाला धाप लागलीये?"

"छे गं, जिना चढलो. मी ठणठणीत आहे."

आणि मग फोनमधून आवाज आला. धप्. धप्.

ताईचा हात थबकला. तिने आपल्या लाल तळव्याकडे पाहिलं, मग फोनकडे. "तुमच्या घराला जिना कुठे आहे, बाबा?" ती हळूच म्हणाली.



ताईने गंज खरवडला आणि बोल्ट आवळला तो दात-ओठ खाऊन. मी लागले! बहीणही लागली. ताईने आजोबांच्या शेजारच्या डॉक्टरांना फोन करून त्यांच्याकडे धाडलं आणि गाडी उलटी वळवली. मित्रांनो, त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातला सगळा उजेड रस्त्यावर ओतला.

आजोबा उंबऱ्यावर बसले होते, हात छातीवर. डॉक्टर त्यांच्याजवळ उभे.

"अगं, तुझं ऑफिस?"

"गाडीत बसा. दुकानातल्यासारखं आज नीट उघडून बघायचं."

"मी काय रेडिओ आहे?"

"नाही ना, घरचे आहात. म्हणून तर राहून गेलं."

हॉस्पिटलमध्ये ते अठरा दिवस होते. आता ते माझी काच पुसतात, ती खरोखर पुसण्यासाठी.

मित्रांनो, तुमच्याही घरचं कुणीतरी फोनवर "मी ठणठणीत आहे" म्हणत असेल. त्यांना फोनवर पुन्हा विचारू नका. आज जाऊन या. त्यांच्याबरोबर वीस पावलं चाला, आणि ते कुठे थांबतात ते बघा.