सोडतीच्या डब्याने धरलेला डूख

माझ्या झाकणावर एक गोल डाग आहे. व्यास सहा सेंटीमीटर, बाहेरची कड गडद, आतली फिकट. एकाच कपाचं बूड रोज एकाच जागी टेकलं की असा डाग पडतो. तो कप साहेबांचा. मी ते विसरलेलो नाही.

मित्रांनो, मी एक जुना सोडतीचा डबा आहे. लाकडी, आठ बाजूंचा, मुठीने गरगर फिरणारा. सुताराने माझ्यासोबत वस्तीतल्या प्रत्येक घराच्या क्रमांकाची एकेक चकती केली. सगळ्या एकाच आकाराच्या आणि वजनाच्या, म्हणजे कुणालाच झुकतं माप नको. थोरल्या बाई पाहणी कार्यालय चालवत तेव्हा माझा थाट होता. मला फिरवायचं, न बघता चकत्या काढायच्या आणि जे क्रमांक येतील त्याच घरी जायचं. कुलूप असलं तर शेजाऱ्याला विचारून काम उरकायचं नाही. पुन्हा जायचं.

बाई निवृत्त झाल्या, साहेब आले. दवाखान्याची संध्याकाळची वेळ बंद करावी का, हे ठरवायचं होतं. घरोघर पायपीट कशाला, असं म्हणून त्यांनी माणसं भर दुपारी दवाखान्याच्या दारात उभी केली आणि बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, दुपारची वेळ सोयीची आहे का? ज्यांना दुपारी येणं जमतं तेच तिथे आलेले. ते हो म्हणणार नाहीत तर काय.

मग आलेख. मागच्या वर्षी असंच दारात विचारल्यावर शंभरात शहाऐंशी जण हो म्हणाले होते, यंदा एक्याण्णव. साहेबांनी स्तंभांचा तळ शून्याऐवजी पंच्याऐंशीवर घ्यायला लावला, आणि टीचभर फरकाचा डोंगर झाला.

आलेख काढणारी त्यांची भाची, थोरल्या बाईंच्या हाताखाली शिकलेली. तिने एकदा भीत भीत माझं नाव काढलं.

"तुझ्या त्या खुळखुळ्याला विचारून मी कारभार करू?" असं म्हणत साहेबांनी माझ्यावर कप टेकवला.

तिने मान खाली घालून आलेख पुरा केला. वडील गेल्यावर मामानेच तिला वाढवलं होतं, नोकरीही त्यानेच लावली होती. मी मात्र डूख धरला.

साहेब रजेवर गेले तेव्हा तिने मला फिरवलं. निघालेल्या क्रमांकांची कितीतरी घरं दुपारी बंद होती. तिथे ती संध्याकाळी पुन्हा गेली. तापलेलं मूल मांडीवर घेतलेली एक कारखान्यातली बाई म्हणाली, "दुपारी गेले तर पगार कापतात. मला कुणी विचारलंच नव्हतं." निम्म्याहून जास्त घरांना संध्याकाळचीच वेळ हवी होती.

बैठकीच्या सकाळी साहेबांनी सहीसाठी अहवाल पुढे सरकवला आणि सवयीने कप माझ्यावर ठेवला. भाचीने माझी मूठ धरली आणि शांतपणे फिरवली. कप घरंगळला, चहा डोंगराच्या शिखरापर्यंत पसरला. मी पोटभर खुळखुळलो. पण तेवढ्याने माझं भागणार नव्हतं.

मित्रांनो, मला पुसा, तेलपाणी करा, असं मागणं मी एरवी केलं असतं. आज एवढंच मागतो, ज्यांचं दार बंद दिसतं त्यांना वगळू नका. माझा राग फार काळ टिकतो.

साहेब रुमालाने आलेख टिपत म्हणाले, "सही कर आधी. बाकीचं घरी बोलू."

"घरी मामा म्हणून काय बोलायचं ते बोला," ती म्हणाली. "या पाहणीवर मी सही करणार नाही. आणि ती रद्द का करायची, ते आज बैठकीत मीच सांगणार आहे."