मावळतीकडची खुर्ची

चौगुल्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल रोज एका खुर्चीएवढं लांब होत होतं. वाढायचं ते दुपारी, सगळे पडलेले असताना. आवाज नाही, करकर नाही. चारला चहासाठी उठावं तर दोन खुर्च्यांच्या मधे नवी जागा मोकळी झालेली असे, आणि पश्चिमेची भिंत तेवढीच मागं सरकलेली असे.

टेबल आणलं होतं अक्काताईंसाठी. त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती, मांडी घालून बसवत नव्हतं. लग्न होऊन जयसिंगपुरात आल्यापासून त्यांनी सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्याच्या कडेला जमिनीवर बसून एकटीनं ताट घेतलं होतं. "आता तुम्ही आमच्यासंगं बसून गरम जेवायचं," असं सून त्रिशला म्हणाली, आणि ते ऐकून अक्काताई उगाचच दोनदा हात पुसत राहिल्या होत्या.

दुकानात घरचे सगळे गेले होते. त्रिशलानं पिशवीतून पडद्याचा तुकडा नेला होता, फरशीची एक फुटकी कपची नेली होती, आणि भांड्यांच्या कपाटाचा रंग दाखवायला त्या कपाटाचा एक खण. दुकानदारानं तिन्ही वस्तू ओळीनं मांडल्या आणि बराच वेळ बघून एक सेट काढला. मधे चार साध्या खुर्च्या, दोन्ही टोकांना हाताच्या.

"हाताची खुर्ची टोकालाच लागते," तो म्हणाला. "सेट मोडायचा नाही."

टेबल घरी लागलं तसे अक्काताईंचे मालक भूपालअण्णा स्वयंपाकघराकडच्या टोकाला जाऊन बसले. एसटीत जागा धरावी तसे बसले. दुसऱ्या टोकाची खुर्ची अक्काताईंनी मागून घेतली, खिडकीजवळची, मावळतीकडची. त्यांचा नेम होता. दिवस बुडाल्यावर अन्न नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. खिडकीतून सूर्य दिसत राहील, घड्याळ बघायला नको, एवढाच त्यांचा विचार. स्वतःसाठी काही मागून घ्यायची ही त्यांची पहिलीच वेळ.

पहिल्या दिवशी ओट्यापासून त्या खुर्चीपर्यंत सात पावलं होती. वाढून, तवा उतरवून त्या ताट घेऊन निघाल्या तोवर बाकीच्यांचे हात धुऊन झाले होते. उद्या लवकर आवरू, असं त्या मनाशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आठ पावलं झाली.

त्रिशलानं दुकानात फोन लावला.

"लाकूड आहे वहिनी, बसायला वेळ लागतो," दुकानदार म्हणाला. "त्याच पॉलिशची खुर्ची पाठवतो. मोकळी जागा ठेवू नका. दिसायला बरं नाही."

खुर्ची आली. मग रोज येत गेली. रिकामी खुर्चीही दिसायला बरी नव्हती, म्हणून नांदणीहून अण्णांच्या बहिणीला बोलावून घेतलं, मग तिच्या दिरांना. तिसऱ्या आठवड्यात पश्चिमेची भिंत शेजारच्या मगदुमांच्या घरात शिरली. नेमगोंडा मगदूम काठी टेकत आले.

"अक्काताई, तुमचं टेबल आमच्या पुढच्या सोप्यातनं गेलंय."

"दिसलं मला, दाजी."

"मग आमी जेवायचं कुठं?"

"बसा की. खुर्ची आलीया कालच."

"माझ्या घरात मलाच पाहुणा केलंसा की," मगदूम म्हणाले आणि बसले. "भाकरी गरम हाय न्हवं?"

मगदुमांच्या पलीकडच्या घरांतली माणसंही एकेक करून टेबलाला बसली. वाढायला अक्काताईच, कारण टेबल त्यांच्यासाठी आणलेलं. दुपार कलली की त्या पातेलं घेऊन निघत. एकेका ताटात वाढत मावळतीकडं सरकत. मधल्या खुर्च्यांपर्यंत पोचल्या की मागून अण्णांची हाक येई, "अगं, आमटी!" त्या परत फिरत. परत निघत. खिडकीतलं ऊन लाल होताना त्या कधी विसाव्या खुर्चीशी असत, कधी पंचविसाव्या. दिवस बुडाला की जिथं असत तिथं थांबत, तांब्यातलं पाणी कुंडीत ओतत आणि रिकामं ताट घेऊन परतत. अशी अकरा संध्याकाळची जेवणं गेली. सकाळी ओट्याशी उभ्यानं खाल्लेल्या शिळ्या भाकरीवर त्या दिवस काढत होत्या.

"बसू काय मी हितंच, तुझ्या शेजारी?" त्यांनी सुनेला विचारलं.

त्रिशला नव्या खुर्चीच्या गादीला जुन्या गाद्यांचं कापड लावून बघत होती. तिचे डोळे त्या रंगानंच थकले होते.

"तुमची खुर्ची हाताची आहे, आई. इकडं आणली तर मेळ बसत नाही. आणि साधी एकही रिकामी नाही." थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी विचारलं दुकानात. नाहीच म्हणाले."

अकरा जेवणं बुडाल्यावर, बाराव्या दिवशी अक्काताईंनी स्वयंपाक करून ठेवला आणि वाढला नाही. टेबल त्या दिवसापुरतं लांब होऊन झाल्यावर, रिकामं ताट काखेत धरून त्या निघाल्या. नणंद मागं पडली, तिचे दीर मागं पडले. मगदूम म्हणाले, "आज हात मोकळेच?" त्या थांबल्या नाहीत. पुढची माणसं ओळखीची नव्हती. त्यांचे सदरे खुर्च्यांच्या रंगाचे होते आणि चेहरेही त्याच रंगाकडं झुकले होते. कुणी म्हणालं, "मावशी, ताक?" कुणी नुसतं ताट पुढं केलं. गुडघे बोलत होते, त्यांच्याकडंही त्यांनी लक्ष दिलं नाही.

त्यांची खुर्ची आली. त्या बसल्या. हात ठेवायला बरोबर जिथं हवं तिथं लाकूड होतं. खिडकीत सूर्य उसाच्या वर दोन वीत होता. अक्काताईंनी ताट समोर मांडलं आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की वाढणारी बाई टेबलाच्या या टोकाला येऊन बसली आहे.

लांबून, सुईच्या नेढ्यातून यावी तशी हाक आली. "अगं, आमटी!"

त्या उठल्या नाहीत.

मग त्रिशलाचा आवाज आला, आणि एकेका तोंडातून तो पुढं पुढं येत राहिला. "आईंना द्या. पुढं द्या. आईंना द्या."

हातोहात एक वाटी येत होती, आमटीची, वर भाकरी झाकलेली. वाफ दिसत होती. प्रत्येक जण भाकरी उचलून आत बघत होता, चमचाभर घेत होता आणि पुढं देत होता. वाटीच्या मागून अंधार येत होता, खुर्चीमागं खुर्ची टेबल काळं होत होतं. सूर्य उसाला टेकला.

वाटी त्यांच्यापासून चौथ्या खुर्चीशी आली. तिथल्या माणसानं ती दोन्ही हातांत धरली.

"आजी, ही तुमचीच काय?"

"व्हय," अक्काताई म्हणाल्या आणि टेबलावरून हात लांब केला.

त्याच्या पलीकडं, पाचव्या खुर्चीवर, तिन्हीसांज येऊन बसली होती. तिनंही वाटीकडं हात केला होता.