सरदारकन्येची खिडकी

मंगळवारी सकाळी आई नेहमीसारखी रस्त्याकडे पाठ आणि घराच्या भिंतीकडे तोंड करून दाराबाहेर बसली होती. आमच्या पेत्राफोस्का गावातल्या जुन्या बायका अशाच बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघणं त्यांना हलकेपणाचं वाटतं. त्यामुळे भिंतीवरची पाटी बरोबर तिच्या नाकासमोर यायची.

मागे गाईड जेरार्दो पंधरा टोपीवाल्या पर्यटकांना ती वाचून दाखवत होता. ‘सहाशे वर्षांपूर्वी सरदारकन्या दियानोरा या खिडकीत बसून कविता लिहीत असे.’

"जेरार्दो," आई न वळता म्हणाली, "त्या बाईला नाक नव्हतं का रे?"

"का, मावशी?"

"माझ्या लहानपणी इथे खाली आमचं डुक्कर, वर आम्ही नऊ जण. थंडीत त्याचीच ऊब. कविता सुचायला जागा झकास."

"शिकलेल्या माणसाने लिहिलंय, मावशी."

"शिकलेल्या गाढवाने." ती मटार सोलत राहिली. "ऑर्नेल्ला, तू एवढी पुस्तकं वाचतेस. कोण गं हा?"

"असेल कोणीतरी," मी म्हणाले.

ती पाटी अकरा वर्षांपूर्वी मी लिहिली होती. नगरपालिकेला इतिहास हवा होता आणि मला डुक्कर नको होतं. आईचं जन्मघर असं आहे, हे शहरातल्या कॉलेजात मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता गावात चाळीस माणसं उरली आहेत, आणि खिडक्यांतल्या फुलांना नगरपालिका पाणी घालते. या घरांतून उपाशी माणसं निघाली ती थेट परदेशी जाणाऱ्या बोटीत बसली. त्यांची नातवंडं परत येऊन त्याच दारांना ‘किती गोड’ म्हणतात, फोटो काढतात आणि जेवायला खाली शहरात जातात. त्यांच्यापेक्षा मी बरी, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

बुधवारी पहाटे आई झोपेतच गेली. गुरुवारी पुरलं. थोडी फुलं जेरार्दोनेही आणली होती, खिडकीतलीच असावीत.

शुक्रवारी मी तिच्या खुर्चीत बसले, रस्त्याकडे पाठ करून. पाटी इतकी जवळ असते हे मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं ती रोज माझं अक्षर न् अक्षर बघत होती.

मागे पावलं थांबली. जेरार्दोने मला पाहून आवाज खाली आणला, पण वाचलं मात्र सगळं.

"आई," मी पाटीकडे बघत मोठ्याने म्हणाले, "ते गाढव मी. इथे डुक्कर होतं."