न्हाणीमागचं बाळोतं

जिल्हा नवा होऊन चार वर्षं झाली, तरी लातुरातल्या वीरण्णा मास्तरांच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशीच यायचा. त्या दुष्काळात लोक पाणी झाकून ठेवत, आणि मास्तर परसात बशांतून पाणी मांडून किड्यांना आवतण देत होते. सोबत गूळ, सडकं केळं आणि जगलेलं एकुलतं एक झेंडूचं फूल. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात किड्यांचा अगदी जवळून काढलेला फोटो लावणार, असं त्यांनी शाळेत सांगून टाकलं होतं. कॅमेरा मित्राचा. त्याची लेन्स काढून उलटी धरली की मुंगीचे डोळेसुद्धा दिसतात म्हणे.

आल्याही फक्त मुंग्याच. मास्तर पोटावर सरपटत पुढे, नऊ महिन्यांची लेक गौरा रांगत मागे. मास्तरांची बायको महानंदा दारात उभी राहून दोघांवर नजर ठेवायची. ती बी.एस्सी. झालेली, गौराचा चमचा दोनदा उकळायची आणि सासूबाईंनाही जंतूंवर व्याख्यान द्यायची. एखादी गांधीलमाशी पोरीला डसली म्हणजे? शेवटी नवराबायकोत ठरलं: शनिवारपर्यंत फोटो मिळाला नाही, तर बशा उचलायच्या आणि परस गौराचं.

सासूबाई रत्नम्मा, घरातल्या सगळ्यांच्या अव्वा, कुणालाच सोडत नव्हत्या. "एकजण किडे बोलवायलाय, एकजण हाकलायलीय," त्या शेजारणीला सांगत. "बिचारा किडा, यावं का जावं, दारातच उभा हाय."

शनिवार उजाडला. बशांत मुंग्या, रोलमध्ये शेवटचे तीन फोटो. मास्तर बशा गोळा करू लागले.

महानंदा न्हाणीमागे गेली. तिथली दोरी घरात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. पाणी पुरेना, म्हणून गौराची नुसती ओली झालेली बाळोती ती तांब्याभर पाण्यात बुचकळून तिथं वाळत घालायची. उकळणं तर दूरच.

आज एका बाळोत्यावर निळसर, नखाएवढी फुलपाखरं बसली होती. पंधरा तरी असतील. सोंडा लावून निवांत लघवीतलं मीठ चाखत होती. हे तिनं कॉलेजात वाचलं होतं. मीठ बाळोत्यात राहिलं कसं, ते मात्र पुस्तकात नव्हतं.

गप्प बसली तर परस गौराचं, आणि अब्रूही शाबूत. तिनं मागे वळून पाहिलं. बशीतलं उरलेलं पाणी मास्तर थेंबाथेंबानं झेंडूला घालत होते, आणि गौरा बशी होती त्या जागी बोट फिरवून मुंग्या शोधत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "कॅमेरा घेऊन इकडं या. अव्वांना सांगू नका."

अव्वाच आधी पोचल्या. मास्तर श्वास रोखून तिन्ही फोटो काढेपर्यंत त्या शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. मग शेजारचं बाळोतं नाकाशी नेलं. महानंदेचे कान तापले.

"दोनदा उकळलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या.

फोटो प्रदर्शनात लागला. कापड कसलं, असं परीक्षकांनी विचारलं, तेव्हा मास्तरांनी "सुती" एवढंच सांगितलं. बशा गेल्या त्या गेल्याच. दोरी मात्र न्हाणीमागून परसात आली, आणि महानंदा तांब्या घेऊन बसली की अव्वा हटकून बजावायच्या, "लई धुऊ नको गं, पाव्हणे उपाशी जातील."