मॉलीचा जोडीदार

रस्टी गेला आणि मॉली एकटी पडली. दोघं एकाच वेताची भावंडं. इंग्लंडमधल्या डीनच्या जंगलाला लागून असलेल्या एका इस्टेटीवर अंशुमनबरोबर ती कित्येक वर्षं रानडुकरं हुसकायचं काम करत होती. कायद्याने दोनच कुत्री सोडता येत, त्यामुळे जोडी जुळणं हेच सगळ्यात महत्त्वाचं. ही दोघं डुकराला कधी तोंड लावायची नाहीत. लांबून भोवती फिरायची, भुंकून भुंकून त्याचा जीव नकोसा करायची. शेवटी वैतागलेलं डुक्कर झाडोऱ्यातून उघड्यावर यायचं, आणि तिथे इस्टेटीचा शिकारी ग्लेन बंदूक घेऊन उभा असायचा.

रस्टीच्या जागी इस्टेटीच्या मॅनेजरने डीझेल नावाचा कुत्रा आणून दिला. रुंद छातीचा, तरणाबांड, आणि डुक्कर दिसलं की थेट त्याचा कान धरणारा.

अंशुमनची बायको वरदा गावात जनावरांची डॉक्टर होती. डीझेलच्या खांद्यावरच्या जुन्या टाक्यांवरून तिने बोट फिरवलं.

"परत पाठव याला. धरणाऱ्या कुत्र्याला जोडीदारही धरणाराच लागतो. हा आत घुसणार आणि मॉली लांबून भुंकत राहणार. एकटा मरेल हा."

"मॉली शिकवेल ना त्याला," अंशुमन म्हणाला. लंडनच्या हॅरो भागात वाढल्यामुळे त्याचं मराठी अजून अडखळायचं. "तिचा सवय त्याला लागेल. गिव्ह इट टाइम."

उन्हाळाभर तो डीझेलला लांब दोरी बांधून मॉलीच्या मागे नेत राहिला. डीझेल पुढे झेपावला की दोरी ताणायची, जागेवर थांबून भुंकला की शाबासकी. हळूहळू दोरी सैल राहू लागली. पानं पिवळी पडली तेव्हा त्याने दोघांना मोकळं सोडलं. डुक्कर उघड्यावर आलं, ग्लेनने एका गोळीत पाडलं. डीझेल दोन हात लांब उभा होता, अंगावर ओरखडाही नाही. त्या दिवशी अंशुमन गाडी चालवताना गुणगुणत घरी आला.

वरदाने नेहमीसारखी दोन्ही कुत्री तपासली. मॉलीचा ओठ फाटला होता. दातांच्या फटीत काहीतरी अडकलं होतं, ते तिने चिमट्याने ओढून काढलं.

"अंशू, ही आत गेली होती."

"काटा लागला असेल."

"काटा नाही हा. डुकराचा केस आहे."

अंशुमनने पाहिलं आणि नजर वळवली. "एकदा झालं असेल चुकून. आता कुठे जोडी जमलीय, वरदा."

ती आणखी बोलली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे फार वाटलं. पण त्याचा चेहरा इतका खुलला होता, की ती मॉलीचा ओठ शिवायला लागली.

पुढच्या खेपेला झाडोऱ्यातून आधी दोन भुंकणी ऐकू आली. मग एकच उरलं, डीझेलचं, जाड आणि संथ. मॉलीच्या आवाजाची वाट पाहत अंशुमन क्षणभर थांबला, मग काटेरी झुडपं तुडवत धावला.

ओकच्या बुंध्याला पाठ लावून थोराड नर उभा होता आणि मॉली त्याच्या कानाला लोंबकळत होती. डीझेल दोन हात मागे उभा राहून भुंकत होता, अगदी शिकवल्यासारखा. ग्लेन मागून आला, पण मॉली मध्ये असल्याने त्याला गोळी झाडता येईना.

"डीझेल, जा! धर त्याला!" अंशुमन ओरडला.

डीझेलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, शेपटी हलवली आणि पुन्हा जागेवरूनच भुंकायला लागला. नराने डोकं एकदाच झटकलं.

मॉलीला दवाखान्यात आणेपर्यंत तिचं पोट पार फाटलेलं होतं. वरदाने भुलीचं इंजेक्शन भरलं, पण ते देण्याआधीच मॉली गेली.

"तू सांगितलं होतंस," अंशुमन म्हणाला.

"मी सांगितलं ते डीझेलचं. मला वाटलं तो मरेल." तिने हातमोजे काढले. "मॉलीच त्याची सवय उचलेल, हे तेव्हा मलाही सुचलं नव्हतं."

अंशुमनने काम सोडलं. मॅनेजरने डीझेल एका नव्या माणसाला दिला. त्याची कुत्री थेट अंगावर जाणारी होती. अंशुमनने फोन करून बजावलं, की डीझेल आता धरत नाही, जोडीला लांबून भुंकणाराच हवा. मॅनेजर म्हणाला, कळवतो. त्याने कळवलं की नाही, हे अंशुमनने पुन्हा विचारलं नाही. अजून तिथेच काम करणाऱ्या ग्लेनचे मेसेज येत राहिले, तेही त्याने उघडले नाहीत.