नातं : जाऊ

“इतर म्हणजे कोण? वाटसरू?” थोरलीनं नोंदणी खिडकीच्या काचेवर बोट आपटलं.

काचेपलीकडचा कारकून बिचारा घामाघूम. “आजी, यादीत आहे तेच निवडता येतं. नवरा, बायको, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, शेवटी इतर. इतरांना अतिदक्षता विभागाचा पास निघत नाही. संध्याकाळी काचेतून बघता येईल.”

आत थोरलीची धाकटी जाऊ होती. ना नवरा उरलेला, ना मूलबाळ. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, करण्यासारखं आता काही नाही, आजचा दिवस निघाला तर निघाला.

निरोप मिळताच थोरलीची सून वरच्या मजल्यावरून खाली आली. याच रुग्णालयाच्या संगणक विभागात ती कामाला होती आणि ही यादी तिनंच केली होती, अकरा वर्षांपूर्वी. घरात दोन जावा चाळीस वर्षं एका चुलीवर नांदत होत्या आणि बाईसाहेबांच्या यादीत जाऊ नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

“आई, बहीण म्हणून लिहू या,” ती हळूच म्हणाली. “पास लगेच निघेल.”

“बहीण? सख्ख्या बहिणीशी माझं कधी आठ दिवस पटलं नाही. हिच्याशी चाळीस वर्षं भांडले ते जाऊ म्हणून. आता शेवटच्या वेळी खोटं नातं सांगून उशाशी बसू? तुझ्या यंत्राला शिकव.”

“यंत्र शिकत नाही हो. यादीच्या पानात मी एक टॅग, म्हणजे छोटासा हुकूम, लिहिलाय. तो सर्व्हरवर चालतो, तिथल्या तक्त्यातल्या ओळी वाचतो आणि एकेका ओळीचा एकेक पर्याय करून या खिडकीत पाठवतो.”

“म्हणजे वाढपी. भांड्यात असेल तेच वाढणार.”

“हो.”

“मग भांड्यात घाल की. मला काय समजावत बसलीस.”

सून वर गेली. तक्त्यात एक ओळ, दोन अक्षरं, मिनिटाचं काम. पण सर्व्हर ती यादी सुरू होतानाच एकदा वाचून ठेवायचा. म्हणजे तो बंद करून पुन्हा चालू करायला हवा, आणि तेवढा वेळ रुग्णालयाच्या सगळ्या खिडक्या ठप्प. असलं काम फक्त रविवारी करायचं, असा नियम. तोही हिनंच घालून दिलेला.

“रविवारी करू,” विभागाचे साहेब मान वर न करता म्हणाले.

“आज मंगळवार आहे, साहेब. काकू रविवारपर्यंत थांबायच्या नाहीत.”

साहेबांनी वर पाहिलं. सून जागची हलली नाही. अकरा वर्षांत तिनं त्यांच्याकडे अर्ध्या दिवसाची रजादेखील मागितली नव्हती.

“किती वेळ?”

“चार मिनिटं.”

“करा. फोन मी घेतो.”

फोन खणखणत राहिले, खालच्या रांगेचा गलका जिन्यातून वर येत राहिला. ती खाली पोचली तोवर कारकुनानं यादी उघडलेली होती.

“आलंय, आजी. इतरच्या खाली.”

“इतरच्याही खाली?” थोरलीनं सुनेकडे पाहिलं. “जागा तर छान शोधलीस.”

“घाईत झालं, आई. उद्या वर घेते.”

“नातं?” कारकुनानं रीतसर विचारलं.

“जाऊ,” थोरली म्हणाली, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं.

पास निघाला. सून अतिदक्षता विभागाच्या दाराच्या काचेतून बघत राहिली. थोरली रडली नाही की धाकटीचा हात धरला नाही. उशीवर विस्कटलेले केस बघून तिचे ओठ हलले. काहीतरी खरमरीतच बोलली असणार. मग तिनं खुर्ची पुढे ओढली, ते केस एका बाजूला घेतले आणि वेणी घालायला लागली.

वेणी अर्धी झाली तेव्हा खाटेशेजारच्या यंत्राचा आवाज बदलला. परिचारिका आली, तिनं पडद्याकडे पाहिलं, घड्याळ बघितलं आणि थोरलीच्या खांद्याला हात लावला. थोरलीची बोटं थांबली नाहीत. पेडावर पेड टाकत ती टोकापर्यंत गेली, गाठ मारली, वेणी धाकटीच्या खांद्यावरून पुढे नीट ठेवली आणि मगच उठून परिचारिकेला जागा करून दिली.