आईंच्या माइकचा लाल दिवा

सासूचा आवाज बंद करायचं बटण आपल्या हाती असावं, असं किती सुनांनी मनातल्या मनात मागितलं असेल. मला ते मिळालंय. आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकामागे माझं टेबल आहे. त्यावर आवाजाचा मिक्सर, एक लॅपटॉप आणि चिकटपट्टीने जोडलेला हेडफोन. दर रविवारची उपासना घरबसल्या लोकांपर्यंत ऑनलाइन पोचवायची, हे माझं काम. मिक्सरवर प्रत्येक माइकला एक पट्टी आहे आणि पट्टीखाली बटण. सर्वांत उजवीकडची पट्टी म्हणजे आई.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गायकवृंदात गातात. आवाज खणखणीत, उत्साह तर विचारू नका, पण सूर आणि त्यांचं कधी पटलं नाही. गाणं एका वाटेने जातं, आई दुसऱ्या. शेवटच्या ओळीला भेट झाली तर झाली. चर्चमध्ये ते ऑर्गनच्या आवाजात खपून जातं. ऑनलाइन सुरू झालं तेव्हा मात्र गायनमास्तर माझ्या टेबलापाशी आले आणि चष्मा पुसत राहिले. माणूस चष्मा जास्त वेळ पुसायला लागला की समजावं, नाजूक विषय आहे.

"तुमच्या आईंचं काहीतरी करा," ते म्हणाले. "काढून टाकायची माझी हिंमत नाही."

हिंमत तर घरात माझ्या नवऱ्याचीही नाही. मग मी माझ्या परीने केलं. आईंना खांबाशेजारी टोकाला उभं केलं, त्यांना एकट्यांना वेगळा माइक दिला आणि तो बंद ठेवला. सांगितलं, "आई, हा खास तुमच्यासाठी." त्या खूश झाल्या. मी आणि गायनमास्तर त्याहून खूश.

भानगड एवढीच होती की माइकच्या दांड्यावर एक बारीक दिवा आहे. माइक चालू असला की हिरवा, बंद असला की लाल. पहिल्याच रविवारी आईंनी विचारलं, "इतरांचे हिरवे, माझाच लाल का गं?"

"भारी माइकचा लाल असतो," मी म्हणाले.

"असं होय," आई म्हणाल्या आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला वाटलं, जिंकले.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर नणंदेचा फोन आला. ती दूर परदेशात असते. सोमवारी तिचं ऑपरेशन होतं, पोटाचं, मोठं. आईंना प्रवास झेपत नाही म्हणून त्या गेल्या नव्हत्या, आणि गेल्या नव्हत्या म्हणून घरात त्या विषयावर चकार शब्द काढत नव्हत्या. दिवसभर कपाटं आवरायच्या. आवरलेली पुन्हा आवरायच्या. फोनवर मायलेकी एकमेकींना "मी मस्त आहे" असं सांगायच्या आणि ठेवून द्यायच्या.

"वहिनी," नणंद म्हणाली, "मी दर रविवारी बघते. आई दिसते, तोंड हलतं, आवाज कधीच येत नाही. लहानपणी ताप आला की ती उशाशी बसून गायची. भयंकर गायची. या रविवारी मला ते ऐकायचंय. तेवढं कर ना."

नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कसं म्हणणार? माइक उघडला तर सगळ्या मंडळीला आईंचा सूर कळणार, लोक हसणार आणि इतके दिवस तो बंद होता हे आईंना उमगणार. बरं, नाही उघडला तर पोरगी आईचा आवाज न ऐकताच ऑपरेशनला जाणार. मी डोकं चालवलं. एकाच कॅमेऱ्याचं चित्र, पण दोन लिंक करायच्या. एक सर्वांसाठी, नेहमीचा आवाज. दुसरी फक्त घरच्या ग्रुपवर, तिच्यात फक्त आईंचा माइक. साप मेला आणि काठीही शाबूत. माझ्याच हुशारीवर मी इतकी खूश झाले की तिथेच सावध व्हायला हवं होतं.

रविवारी आईंनी माइककडे पाहून भुवई उंचावली. दिवा हिरवा होता.

"नवी बॅटरी घातलीय," मी म्हणाले.

"असं होय," आई म्हणाल्या.

मी टेबलापाशी पळाले आणि घाईघाईने एक लिंक एका ग्रुपवर आणि दुसरी दुसऱ्यावर टाकली. आता, आमच्या घरच्या ग्रुपला आईंनी मोठ्या भक्तिभावाने चर्चचा फोटो लावलेला आहे. चर्चच्या ग्रुपलाही चर्चचाच फोटो आहे. तोच. पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच, पण मला ते तेव्हा कळलं नाही. नेहमीचा आवाज हेडफोनमध्ये ठीक येत होता आणि मी निवांत होते.

पहिलं गीत झालं, वाचन झालं, पाळकांनी उपदेश सुरू केला. आमच्या पाळकांच्या उपदेशात तीन मुद्दे असतात आणि तिसऱ्याला पोटमुद्दे असतात. मी सहज लॅपटॉपकडे पाहिलं. एरवी चाळीसेक माणसं बघतात आणि त्यातली निम्मी लावून स्वयंपाकघरात जातात. आज आकडा तीनशेच्या वर गेला होता आणि वाढतच होता. खाली शेऱ्यांची रांग लागली होती. कुणीतरी लिहिलं होतं, "शेजाऱ्यांनाही लावून दिलंय." आजारी म्हणून घरी राहिलेल्या पाळकांच्या बायकोने लिहिलं होतं, "मुद्दे फार लांबतात, याबद्दल पूर्ण सहमत."

तेवढ्यात नणंदेचा निरोप आला. "वहिनी, पाळकच ऐकू येतायत. आई नाहीच."

लिंकांची अदलाबदल झाली होती. मी आईंचा माइक हेडफोनमध्ये घेतला.

पडद्यावर पाळक हात पसरून बोलत होते. त्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा लांबून येत होता. आणि त्यावर, अगदी कानाशी, आई पुटपुटत होत्या.

"आला, दुसरा मुद्दा आला. बसा आता. खजिनदार झोपले. मान पुढे पडली बघा. मागच्या वेळी घोरले तेव्हा ऑर्गनवाल्याला वाटलं, गीत सुरू झालं. गायनमास्तर स्वतः वरच्या पट्टीत जात नाहीत, नुसतं तोंड उघडतात. मी समोर उभी असते, मला कळत नाही होय?"

तीनशे माणसं ऐकत होती. मी बटणाकडे हात नेला.

"आणि ती आमची सूनबाई," आई म्हणाल्या. "कोपऱ्यात बसलीय. तिला वाटतं, लाल दिवा म्हणजे काय ते म्हातारीला ठाऊक नाही. अगं, घरच्या टीव्हीलाही लालच दिवा असतो बंद केल्यावर."

माझा हात तिथेच थांबला. मला वाटत होतं की मी आईंना सांभाळून घेतेय. त्या मला सांभाळून घेत होत्या, आणि ते कधी तोंडावर येऊ दिलं नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

मग आईंचा आवाज बदलला. थट्टा गेली. खांबाला टेकून, डोळे मिटून त्या बोलायला लागल्या.

"देवा, मी बेसूर गाते. हे तुला माहीत आहे, सुनेला माहीत आहे, सगळ्या चर्चला माहीत आहे. पोरीलाही माहीत आहे. लहानपणी ती कानावर हात ठेवायची आणि झोपायची. उद्या तिला कापणार आहेत. मी तिथे नाही. मला भीती वाटते रे, फार वाटते. घरात कुणाला सांगितली नाही. तेवढं बघ."

आता बटण दाबलं असतं तर चर्चची अब्रू वाचली असती. मी दाबलं नाही. आईंच्या माइकची लिंक नणंदेला पाठवली आणि खाली लिहिलं, "आत्ता. लगेच." मग आईंनी अगदी हळू, पाळकांच्या तिसऱ्या मुद्द्याच्या खालून, एक जुनं पाळण्याचं गाणं म्हटलं. सूर नेहमीसारखाच, जिथे जायचं नाही तिथे जाणारा. शेऱ्यांची रांग थांबली. मग पाळकांच्या बायकोने एकच शब्द लिहिला, "आमेन", आणि खाली आमेनची रीघ लागली.

नणंदेचा निरोप सर्वांत शेवटी आला. "ऐकलं. कानावर हात ठेवलेत. आता झोप लागेल."

उपासना संपल्यावर गायनमास्तर माझ्याकडे न बघता निघून गेले. खजिनदारांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते हसतमुख होते. आई सावकाश माझ्या टेबलापाशी आल्या.

"आई," मी म्हणाले, "मला माफ करा. आज तुमचं सगळं... सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकणारच. हिरवा होता ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, इतक्या दिवसांनी दार उघडलंय, तर चार गोष्टी उरकून घ्याव्यात."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम?"

"खजिनदारांचं मुद्दाम. शेवटचं निघून गेलं तोंडातून." त्यांनी माझा हेडफोन उचलून पाहिला, चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. "बंद माइकपुढे मी दर रविवारी बोलायची गं. बरं वाटायचं. घरात तू कामात, तो कामात. कुणाला सांगायचं?"

मी म्हणाले, "पुढच्या रविवारपासून हिरवाच ठेवते. गायनमास्तर काय म्हणायचं ते म्हणोत."

"नको. लालच ठेव. लोकांचे कान कशाला किटवायचे?" आई म्हणाल्या. "फक्त लोकांना न ऐकवता तुझ्या एकटीच्या कानात घेता येतं का, ते बघ."

घेता येतं. एक बटण दाबायचं असतं. इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढच्या रविवारी नणंद दवाखान्यातल्या पलंगावरून बघत होती. आईंचा दिवा लाल होता. पाळकांचा दुसरा मुद्दा सुरू झाला, बायकोशी त्यांचं काहीतरी बोलणं झालं असावं, कारण ते जरा घाईत होते. मी हेडफोन घट्ट केला आणि ते बटण दाबलं.

"सूनबाई," कानात आवाज आला, "गॅस बंद केला होतास ना?"

मी टेबलामागून उठून जोरात मान डोलावली. खांबापाशी आईंनी पाहिलं आणि समाधानाने पुढचं सांगायला लागल्या.